उत्तर कुणी दिलं? टॉवर नसलेल्या विमानतळावरची एक टक्कर

१९ नोव्हेंबर १९९६. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात क्विन्सी नावाचं शहर आहे. त्याच्या विमानतळावर संध्याकाळी ५ वाजून १ मिनिटानं दोन विमानं एकमेकांवर आदळली. हवेत नव्हे, जमिनीवर. दोन धावपट्ट्या जिथे एकमेकींना छेदतात, त्या चौकात. एक विमान उतरून वेग कमी करत होतं, दुसरं उडण्यासाठी वेग घेत होतं. दोन्ही विमानांतली सगळी, म्हणजे १४ माणसं गेली.

या अपघाताचा तपास एनटीएसबीनं, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं केला. पुढची घटनांची साखळी त्या तपासातली आहे, तिच्यावरचं भाष्य माझं आहे. वैमानिकांची आणि कंपनीची नावं मी मुद्दाम दिलेली नाहीत. विमानांना त्यांच्या कामावरून किंवा प्रकारावरून ओळखू या: प्रवासी विमान, किंग एअर आणि चेरोकी. टक्कर पहिल्या दोघांची, चेरोकी जवळच उभं होतं. रेडिओवरचे संवाद अर्थानं दिले आहेत, शब्दशः नाहीत.

## पार्श्वभूमी

टॉवर, म्हणजे विमानांच्या वाहतुकीचं नियंत्रण करणारा कक्ष, नाही म्हणजे विमानतळ ओस पडलेला असणार, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. अमेरिकेत सर्वांना खुले असलेले विमानतळ पाच हजारांच्या आसपास आहेत, टॉवर मात्र साधारण पाचशेंच्या घरात. म्हणजे दहातल्या नऊ ठिकाणी ‘उतरा’ किंवा ‘थांबा’ असं सांगणारं कुणी नसतं. शिकाऊ विमानं, फवारणीची विमानं, रुग्णांना नेणारी हेलिकॉप्टरं, छोट्या मार्गांवरची प्रवासी विमानं, सगळी तिथे आपापसांत बोलून उतरतात आणि उडतात.

हे बोलणं एका सामायिक फ्रिक्वेन्सीवर चालतं. तिथे कुणी परवानगी मागत नाही आणि कुणी देतही नाही. प्रत्येकजण स्वतःबद्दल सांगतो: मी कोण, कुठे आहे, आता काय करणार. कॉलच्या सुरुवातीला विमानतळाचं नाव घ्यायचं आणि शेवटी पुन्हा तेच नाव घ्यायचं. कारण तीच फ्रिक्वेन्सी आसपासच्या आणखी दोन-तीन विमानतळांना दिलेली असू शकते, आणि उंचावरून बोलणाऱ्याचा आवाज फार लांबवर पोहोचतो. येणाऱ्यानं १० मैलांपासून बोलायला लागावं, जाणाऱ्यानं टॅक्सी, म्हणजे जमिनीवरून धावपट्टीकडे जाणं, सुरू करण्याच्या आधीपासून ऐकत राहावं, अशी शिफारस आहे. पण ती शिफारसच. अशा बहुतेक विमानतळांवर रेडिओच नसलेलं विमानही कायद्यानं उतरू शकतं. म्हणून मूळ आधार डोळ्यांचा: बघा आणि टाळा. आणि कायद्यानं अग्रक्रम कुणाचा हेही ठरलेलं आहे: शेवटच्या टप्प्यात असलेल्या किंवा उतरत असलेल्या विमानाचा. जमिनीवरच्यानं त्याला वाट द्यायची.

विमानातला रेडिओ फोनसारखा नसतो, हे इथे नीट समजून घ्यायला हवं. बटण दाबून तुम्ही बोलत असता तेव्हा त्या फ्रिक्वेन्सीवरचं काहीच तुम्हाला ऐकू येत नाही. दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं तर तिसऱ्याच्या कानात नुसती किंचाळी येते, आणि बोलणाऱ्या दोघांना वाटत राहतं की आपलं म्हणणं पोहोचलं. फोनवर पलीकडे कोण आहे हे आपल्याला ठाऊक असतं. इथे एकच आवाज येतो, तो कुणाचा हे त्यानं सांगितलं तरच कळतं, आणि ते सांगताना शब्द कापला गेला तर तेवढंही कळत नाही.

क्विन्सीच्या दोन धावपट्ट्या या प्रकरणात येतात: रनवे १३ आणि रनवे ४. धावपट्टीचा क्रमांक म्हणजे तिच्या दिशेचे अंश, शेवटचं शून्य काढून. एक साधारण १३० अंशांना, दुसरी ४० अंशांना; म्हणजे दोघी एकमेकींना काटकोनात छेदतात. रनवे ४ च्या टोकाशी उभ्या असलेल्या वैमानिकासाठी रनवे १३ वर उतरणारं विमान डाव्या बाजूनं येतं. समोरच्या काचेतून नव्हे, मान वळवून डाव्या खिडकीतून बघावं लागतं.

## त्या संध्याकाळची नऊ मिनिटं

हवामान चांगलं होतं. सूर्य नुकताच मावळलेला, संधिप्रकाश. १९ आसनांचं प्रवासी विमान शिकागोहून निघून एक थांबा घेऊन क्विन्सीकडे येत होतं. आत १० प्रवासी आणि दोन वैमानिक.

४:५२ च्या सुमारास, सुमारे ३० मैलांवरून, प्रवासी विमानाच्या कॅप्टननं पहिला कॉल दिला: आम्ही रनवे १३ वर उतरणार आहोत, आणखी कुणी असेल तर सांगा. कुणी बोललं नाही.

तीनेक मिनिटांनी जमिनीवरून दोन आवाज आले. चेरोकी हे छोटं, एका इंजिनाचं विमान आणि किंग एअर हे दोन इंजिनांचं मोठं विमान, दोघांनीही सांगितलं की आपण रनवे ४ कडे टॅक्सी करत आहोत. प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये याची नोंद घेतली गेली. ते लोक रनवे ४ घेतायत, असं दोघं वैमानिक आपसात बोलले.

४:५७ च्या आसपास प्रवासी विमानाचा दुसरा कॉल: १० मैल उत्तरेला, रनवे १३ साठी येतोय.

४:५९ ला किंग एअर: रनवे ४ च्या कडेला थांबलोय, आता धावपट्टीवर जाऊन टेक-ऑफ करणार, आग्नेयेला जाणार. यानंतर प्रवासी विमानानं पाचेक मैलांच्या फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या रेषेत उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यावर, असल्याचं सांगितलं.

एवढं झालं तेव्हाच किंग एअरच्या वैमानिकांकडे सगळी माहिती असायला हवी होती. पण किंग एअर धावपट्टीवर गेलं आणि तिथेच सुमारे एक मिनिट उभं राहिलं.

उभं राहिलेलं विमान बघणाऱ्याच्या मनात काय येतं? एक तर ते आपल्यासाठी थांबलंय, किंवा ते आता कोणत्याही क्षणी निघेल. प्रवासी विमानाच्या कॅप्टनला हीच शंका आली, आणि ५:०० वाजता, शॉर्ट फायनलवरून, म्हणजे धावपट्टीच्या अगदी जवळून, तिनं सरळ विचारलं: रनवे ४ वरचं विमान थांबणार आहे, की तुम्ही टेक-ऑफ करताय?

विचारलं किंग एअरला. उत्तर दिलं चेरोकीनं.

चेरोकी किंग एअरच्या मागे, आपल्या पाळीची वाट बघत थांबलं होतं. त्याच्या वैमानिकानं आपला नोंदणी क्रमांक सांगितला आणि म्हणाला, रनवे ४ वर टेक-ऑफसाठी थांबलोय... नेमक्या त्याच क्षणी प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये जमिनीच्या जवळिकीचा इशारा देणारी यंत्रणा यांत्रिक आवाजात बोलली: ‘दोनशे’. म्हणजे जमीन २०० फुटांवर. तो आवाज थांबला तेव्हा चेरोकीच्या वाक्याचं शेपूट ऐकू आलं, आणि त्यात शब्द होता ‘किंग एअर’.

आता कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणाची ही टेप कॅप्टनच्या कानांनी ऐका. प्रश्न: रनवे ४ वरचं विमान थांबतंय का? उत्तर: रनवे ४... थांबलोय... (दोनशे)... किंग एअर. मधला शब्द बहुधा ‘मागे’ असावा. जो एक शब्द या वाक्याचा अर्थ उलटा करतो, नेमका त्याच्यावर स्वतःच्याच विमानाचा इशारा येऊन बसला.

कॅप्टननं उत्तर दिलं: ठीक आहे, तुमच्या पुढून आम्ही चौक पार करतो, आभार. यावर कुणीच काही बोललं नाही. ना किंग एअर, ना चेरोकी.

प्रवासी विमान रनवे १३ वर टेकलं. त्याच सुमारास किंग एअरनं टेक-ऑफची धाव सुरू केली. ‘निघतोय’ असा कॉल प्रवासी विमानाच्या ध्वनिमुद्रणात नाही, आणि मागे उभ्या असलेल्या चेरोकीच्या वैमानिकानंही तो ऐकला नाही. दोन्ही विमानांच्या टायरच्या खुणा नंतर धावपट्टीवर सापडल्या. म्हणजे शेवटी दोघांनीही एकमेकांना पाहिलं आणि दोघांनीही ब्रेक दाबले.

## अडचण नेमकी कुठे होती

किंग एअरच्या वैमानिकांनी फ्रिक्वेन्सी नीट ऐकली नाही किंवा नीट बघितलं नाही, असा मंडळाचा निष्कर्ष आहे आणि तो बरोबरच आहे. अपघाताचं मूळ कारण तेच. डावीकडून दिवे लावलेलं विमान येत होतं. त्याचे वैमानिक फ्रिक्वेन्सीवर वारंवार आपली जागा सांगत होते. किंग एअरच्या मुख्य वैमानिकाकडे २५ हजारांहून अधिक तासांचा अनुभव होता. एवढ्या अनुभवाच्या माणसाकडून हे सुटलं, हेच मला यात सर्वांत भीतीदायक वाटतं. टॉवर नसलेल्या धावपट्टीवर अनुभव कुणाला वाचवत नाही. त्या दोन मिनिटांत लक्ष कुठे आहे, ते वाचवतं.

पण मी हे प्रकरण लिहायला घेतलं ते किंग एअरसाठी नाही. प्रवासी विमानाच्या कॅप्टननं योग्य शंका घेतली, योग्य वेळी विचारलं आणि तिला उत्तरही मिळालं. तरीही विमान वाचलं नाही. तिनं जे जे केलं ते आपण शिकवतो तसंच होतं. चूक त्या उत्तराच्या मालकीत होती. आलेलं उत्तर ज्याला विचारलं त्याचंच, हे गृहीत धरलं गेलं.

## समोर कोणते पर्याय होते

पहिला निर्णय प्रवासी विमानाचा, आणि तो बराच आधीचा. रनवे ४ कडे दोन विमानं जात आहेत हे त्यांना सहा मिनिटं आधी कळलं होतं. रनवे १३ वर सरळ उतरणं त्यांच्या वाटेवर पडत होतं. दुसरा मार्ग होता रनवे ४ साठीच येण्याचा, किंवा विमानतळावरून एक चक्कर घेऊन मग ठरवण्याचा. मंडळानं सरळ येण्याला दोष दिला नाही. तशी बंदी नव्हती, आणि वैमानिक वारंवार बोलत होते. मलाही तो निष्कर्ष न्याय्य वाटतो. तरीही त्या निर्णयाची एक किंमत होती. सरळ येणाऱ्या विमानाचा विमानतळाशी डोळ्यांचा संबंध फार थोडा वेळ येतो. विमानतळाभोवती चौकोनी फेरी घेऊन आलेलं विमान जमिनीवरच्यांना दोन-तीन वेगवेगळ्या कोनांतून दिसतं. छेदणाऱ्या धावपट्टीवर कुणीतरी निघण्याच्या तयारीत असताना सरळ येणं म्हणजे डोळ्यांचा आधार कमी करून सगळा भार रेडिओवर टाकणं.

दुसरा निर्णय किंग एअरचा, धावपट्टीवर जाण्याचा. कडेला थांबून राहिलं असतं तर काहीच बिघडलं नसतं. धावपट्टीवर चढण्याआधीच्या त्या जागेवरून आकाशही जास्त मोकळं दिसतं. एकदा धावपट्टीवर जाऊन नाक पुढे केलं की मन पुढे जातं. आणि तिथे जाऊन थांबणं हे त्याहून वाईट, कारण जे थांबलंय त्याचा हेतू बाहेरच्या कुणालाच वाचता येत नाही. शिवाय निघण्याच्या क्षणी ‘निघतोय’ असा एका शब्दाचा कॉल दिला असता, तर प्रवासी विमानाला निदान तेव्हा कळलं असतं.

तिसरा निर्णय सगळ्यांत बारीक: प्रश्न कसा विचारला. ‘रनवे ४ वरचं विमान’ असं म्हटलं गेलं. रनवे ४ च्या तोंडाशी विमानं दोन होती, आणि दोघांनीही आपण रनवे ४ ला जातोय असं सांगितलेलं होतं. चेरोकीच्या वैमानिकाला वाटलं, विचारणा आपल्यालाही आहे. ‘किंग एअर, रनवे ४ वर थांबताय का?’ असं विचारलं असतं तर चेरोकी बहुधा गप्प राहिला असता. मग शांतता आली असती, आणि त्या शांततेचा अर्थ स्पष्ट असता: किंग एअर ऐकत नाही. ही शांतता फार मोलाची ठरली असती.

चौथा निर्णय चेरोकीच्या वैमानिकाचा. त्याच्याकडे फारसा अनुभव नव्हता. कुणी विचारलंय आणि कुणी बोलत नाहीये, म्हणून तो मदतीच्या भावनेनं बोलला. त्यानं नोंदणी क्रमांकही सांगितला, म्हणजे आपल्या परीनं त्यानं ओळख दिली होती. पण शॉर्ट फायनलवर, २०० फुटांवर, आकड्या-अक्षरांची ती माळ कुणाच्या डोक्यात शिरते? तिथे विमानाचा प्रकार ऐकू येतो, आकडे येत नाहीत. ‘चेरोकी, किंग एअरच्या मागे’ हे वाक्य पहिल्याच श्वासात आलं असतं तर ते कापलं गेलं तरी अर्थ उरला असता. नाव आधी, जागा मग, हेतू शेवटी. मी नव्या वैमानिकांना हा क्रम पुन्हा पुन्हा म्हणायला लावतो तो याच टेपमुळे.

आणि पाचवा, जो घेतलाच गेला नाही. कॅप्टन म्हणाली, ‘तुमच्या पुढून चौक पार करतो.’ हे वाक्य चेरोकीनं ऐकलं असेल तर त्याला कळायला हवं होतं की आपलं उत्तर किंग एअरच्या नावावर जमा झालंय. चेरोकीसमोर कसला चौक आणि कसलं पुढून जाणं! तो तर धावपट्टीवर नव्हताच. ‘ते मी बोललो, चेरोकी, किंग एअरचं उत्तर आलेलं नाही’, एवढं म्हणायला तीन-चार सेकंद पुरली असती. नवख्या माणसाला वाटतं की एकदा बोलून झालं, आता मोठ्यांचं विमान उतरतंय, मध्ये कशाला पडा. हा संकोच मी अनेकांमध्ये पाहिला आहे आणि तो शिष्टाचार म्हणून शिकवला जातो, हेही पाहिलं आहे.

गो-अराउंडचा, म्हणजे न उतरता पुन्हा वर जाण्याचा, पर्याय शेवटपर्यंत उघडा होता. २०० फुटांपासून टेकेपर्यंत साधारण वीसेक सेकंद असतात. शंका आली, विचारलं, उत्तर अर्धवट आलं: अशा वेळी विमान उचलून पुन्हा एक फेरी मारणं म्हणजे काही मिनिटं आणि थोडं इंधन. पण मला इथे कॅप्टनवर बोट ठेवायचं नाही. तिच्या दृष्टीनं उत्तर अर्धवट नव्हतंच. तिला पूर्ण उत्तर मिळालं होतं, तेही तिला हवं तसं. हवं असलेलं उत्तर मिळालं की कान आणखी ऐकत नाहीत. मला वाटतं, या अपघातातला खरा सापळा हा होता.

## प्रत्यक्षात काय केलं गेलं

टक्कर झाली आणि दोन्ही विमानं धावपट्टीच्या कडेला एकमेकांना लागून थांबली. किंग एअरला आगीनं वेढलं होतं, आणि आग प्रवासी विमानाच्या उजव्या बाजूला भिडली होती.

सर्वांत आधी पोहोचलेले तीन जण विमानतळावरचेच होते, वैमानिक. त्यांतले दोघं तर याच प्रकारचं प्रवासी विमान उडवणारे. ते धावत गेले. कॅप्टन जिवंत होती. कॉकपिटच्या डाव्या खिडकीतून ती त्यांच्याशी बोलली: दार उघडा. दार उघडायचं कसं हे त्या दोघांना माहीत होतं. हँडल कुठे आहे, ते कोणत्या बाजूला फिरतं, सगळं. प्रयत्न केला गेला. दार उघडलं नाही. आत काळा धूर भरत होता.

मंडळाच्या मते टक्करीत दाराची चौकट वाकली असावी आणि दाराच्या यंत्रणेतली केबल सैल पडली असावी. धक्क्यानं प्रवासी विमानातलं कुणी मेलं नव्हतं. ते धुरानं आणि आगीनं गेले.

विमानतळावर त्या वेळी सज्ज अग्निशमन दल नव्हतं. तेव्हाच्या नियमांप्रमाणे ३० पेक्षा जास्त आसनांच्या प्रवासी विमानांची सेवा असेल तरच ती सक्ती होती. १९ आसनांच्या विमानातल्या प्रवाशाला तो हिशेब कुणी तिकीट देताना सांगत नाही. शहरातून गाड्या येईपर्यंत वेळ गेली होती.

## परिणाम

मंडळाचा अहवाल १९९७ मध्ये आला. मुख्य कारण किंग एअरच्या वैमानिकांचं न ऐकणं किंवा न बघणं. कारणाला हातभार लावणारी गोष्ट चेरोकीचा मध्येच तुटलेला कॉल, ज्यामुळे प्रवासी विमानाच्या वैमानिकांना किंग एअर थांबलंय असं वाटलं. आणि जीवितहानी वाढवणाऱ्या दोन गोष्टी: पुरेशी अग्निशमन व्यवस्था नसणं आणि न उघडलेलं दार.

अग्निशमनाचा नियम बदलायला २००४ उजाडलं. त्या वर्षी विमानतळांच्या प्रमाणपत्राचे नियम १० ते ३० आसनांच्या नियमित प्रवासी विमानांच्या विमानतळांपर्यंत वाढवले गेले. आठ वर्षं. मधल्या काळात छोट्या विमानातला प्रवासी मोठ्या विमानातल्या प्रवाशापेक्षा कमी मोलाचा ठरत राहिला, असंच मी म्हणेन.

रेडिओच्या बाजूनं बदल सावकाश आले. ‘आणखी कुणी असेल तर सांगा’ हा वाक्प्रचार अमेरिकेच्या आजच्या अधिकृत मार्गदर्शनात कोणत्याही परिस्थितीत वापरू नये, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. १९९६ मध्ये तो सर्रास चाले. त्यात दोन खोट आहेत. एक, सगळे एकदम उत्तर द्यायला बघतात आणि फ्रिक्वेन्सी बंद पडते. दोन, कुणी बोललं नाही तर विचारणाऱ्याला वाटतं की कुणी नाहीच. रेडिओ नसलेलं, चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर असलेलं, आवाज बारीक ठेवलेलं विमान त्या शांततेत लपून बसतं.

२०२० पासून अमेरिकेत ठरावीक हवाई क्षेत्रांत विमानानं आपली जागा आपोआप प्रक्षेपित करणारं एडीएस-बी उपकरण सक्तीचं झालं. आज अनेक छोट्या विमानांत आजूबाजूची विमानं पडद्यावर दिसतात. याचा मोठा आधार आहे. पण सरळ येण्याचा प्रश्न संपलेला नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या वॉटसनविल इथे, तिथेही टॉवर नाही, फेरी घेऊन उतरणाऱ्या छोट्या विमानावर सरळ आणि फार वेगानं आलेलं दोन इंजिनांचं विमान आदळलं. तीन माणसं गेली. तिथेही दोघं एकमेकांशी रेडिओवर बोलत होते.

## वेगळं काय करता येईल

क्विन्सीची टेप शिकवताना मी एक गोष्ट करतो. तीन जणांना तीन कोपऱ्यांत, एकमेकांकडे पाठ करून बसवतो. एक प्रवासी विमान, एक किंग एअर, एक चेरोकी. चौथा मध्येच कधीही ‘दोनशे’ असं ओरडतो. किंग एअरला आधीच कानात सांगून ठेवतो की तू काही बोलायचं नाहीस. मग प्रवासी विमानवाल्यानं विचारायचं.

प्रश्न मोघम असेल तर चेरोकी हटकून बोलतो. माणसाला अनुत्तरित प्रश्न सहन होत नाही. आणि प्रवासी विमानवाला हटकून ‘ठीक’ म्हणतो. मग मी त्याला विचारतो, कुणाचा आवाज होता? तो वळून बघतो.

दुसऱ्या फेरीत नियम बदलतो. प्रश्न विमानाचा प्रकार घेऊन विचारायचा. उत्तरात तोच प्रकार ऐकू आला नाही तर ते उत्तर धरायचं नाही. पुन्हा विचारायला वेळ नसेल तर उतरायचं नाही. आणि तिसऱ्यासाठी, मागे उभ्या असलेल्यासाठी: आपल्या बोलण्याचा गैरसमज झालाय असं जराही वाटलं तर लगेच बोलायचं, कुणाचं विमान केवढं आहे हे न बघता. पहिल्यांदा चेरोकीची भूमिका करणारा प्रत्येकजण इथे अडखळतो. बटण दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो.

धावपट्टीवर चढणाऱ्यासाठी मी एकच सवय लावतो. छेदणारी धावपट्टी असेल तर तिच्या दोन्ही टोकांच्या दिशेनं मान वळवायची आणि काय दिसलं ते मोठ्यानं म्हणायचं, शेजारी कुणी बसलेलं असो वा नसो: ‘डावीकडे फायनल मोकळं, उजवीकडे फायनल मोकळं.’ मनात म्हटलेलं चालत नाही, कारण मनात म्हणताना मान न वळवताही वाक्य पूर्ण होतं. क्विन्सीला रनवे ४ वरून हे वाक्य म्हणायचं तर डावीकडे बघावं लागलं असतं, आणि डावीकडे त्या संधिप्रकाशात उतरायला आलेल्या विमानाचे दिवे होते.